बाग-विचारणा: थंडी संपायच्या आत फुलणारा क्रोकस

सप्टेंबर लागला की दुकानांत क्रोकसच्या, म्हणजे केशराच्याच घराण्यातल्या छोट्या फुलझाडाच्या, कंदांच्या जाळीच्या पिशव्या लटकायला लागतात आणि आमच्याकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदाची बहुतेक पत्रं लवकर फुलणाऱ्या क्रोकसबद्दलच होती, म्हणून या अंकातलं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरांतले महिने उत्तर गोलार्धातले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनी शेवटचं उत्तर पाहावं.

प्र. गेल्या वर्षी सुपरमार्केटमधून क्रोकसचे ५० कंद आणून लावले. फुलं आली ती मार्चच्या मध्यावर. शेजारच्या घरी मात्र फेब्रुवारी लागतालागताच जांभळा सडा पडलेला असतो. आमचं काय चुकलं? (लेस्टर)

उ. लावण्यात काही चुकलं नाही, जात वेगळी पडली. स्वस्त पिशव्यांत बहुतेक वेळा मोठ्या फुलांचे डच क्रोकस असतात. ते क्रोकस व्हर्नसचे वाण. 'पिकविक', 'रिमेंब्रन्स', 'जान दार्क' ही त्यातली नेहमीची नावं. फूल टपोरं, पण यायचं मार्चमध्ये. लवकर फुलं हवी असतील तर पिशवीवरचं चित्र पाहू नका, जातीचं नाव वाचा.

शेजारी जो जांभळा सडा दिसतो तो जवळजवळ खात्रीने क्रोकस टोमासिनियानस. मूळचा बाल्कन भागातला, तिथल्या झाडीखालचा आणि सावलीच्या डोंगरउतारांवरचा. मिटलेली कळी इतकी बारीक आणि राखाडी असते की ढगाळ दिवशी गवतात दिसतही नाही. ऊन पडलं की तीच उघडून फिकट जांभळी होते. हवा सौम्य असेल तर जानेवारीच्या अखेरीस सुरुवात होते, नाहीतर फेब्रुवारीत. या जातीचं बी आपणहून पडतं आणि मुंग्या ते पसरवतात, त्यामुळे चारपाच वर्षांत ती स्वतःच बागभर होते. ज्यांना आखीव वाफा आवडतो त्यांना हे खपणार नाही. त्यांनी 'रुबी जायंट' घ्यावा. रंग गडद, बी जवळपास धरत नाही, जागच्या जागी गड्डा वाढतो. पहिल्यांदाच क्रोकस लावणार असाल आणि एकच जात घ्यायची असेल तर आमचं मत टोमासिनियानसलाच.

पिवळा-पांढरा रंग हवा असेल तर क्रोकस क्रिसँथसचे वाण पाहा. 'क्रीम ब्यूटी' साईच्या रंगाचा, 'ब्लू पर्ल' फिकट निळा, 'स्नो बंटिंग' पांढरा आणि बाहेरून जांभळ्या बारीक रेषांचा. 'स्नो बंटिंग'ला मधासारखा वास असतो, पण तो घ्यायला उन्हात जमिनीशी वाकावं लागतं. हे सगळे फेब्रुवारीत येतात आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत टिकतात. ग्रीसचा क्रोकस सीबेरी त्याच सुमाराला. त्याच्या 'ट्रायकलर' वाणाच्या एकाच पाकळीत टोकाला जांभळा, मध्ये पांढरा पट्टा आणि तळाशी पिवळा असे तीन रंग असतात. नारिंगीकडे झुकणारा पिवळा हवा तर अंकाराकडचा क्रोकस अँसिरेन्सिस, वाण 'गोल्डन बंच'. एका कंदातून बरीच फुलं निघतात.

याहूनही आधी फुलणाऱ्या दोन जाती आहेत. इटलीत नेपल्सच्या भागातला इम्पेराटी जानेवारीच्या शेवटी उमलतो. बाहेरून मातकट पिवळसर आणि त्यावर जांभळ्या रेघा, आतून एकदम झगझगीत जांभळा. ग्रीक बेटांवरचा लीव्हिगेटस तर नोव्हेंबर ते जानेवारीत फुलतो. पण या दोघांना उन्हाळ्यात कोरडी, भरपूर खडीची जागा लागते. लेस्टरच्या साध्या वाफ्यापेक्षा ते उथळ कुंडीत जास्त सुखी राहतात.

प्र. आमची जमीन चिकणमातीची आहे. पावसाळी आठवड्यात फावडं घातलं की साबणासारखी वडी निघते. क्रोकस कसे लावावेत, पायरीपायरीने सांगाल का? कंदाची कुठली बाजू वर तेही कळत नाही. (रीडिंग)

उ. आधी कंद पारखा. दुकानदार याला बल्ब म्हणतात, पण कांद्यासारखे पापुद्रे यात नसतात. ग्लॅडिओलससारखा हा आतून भरीव कंद असतो, दोघं एकाच आयरिस कुळातले. बोटांनी दाबून पाहा, टणक लागला पाहिजे. मऊ, हलका किंवा निळसर बुरशीचा असेल तर बाजूला काढा. वरचं तपकिरी जाळीदार वेष्टन सुटलं असेल तर हरकत नाही. कंद घेराच्या सेंटिमीटरवर विकले जातात. छोट्या जातींसाठी ५ सेंमीच्या वरचे चांगले, डच क्रोकससाठी ७ ते १० सेंमी. 'बजेट पॅक'मध्ये याहून लहान कंद असले तर पहिल्या वर्षी नुसती पानंच येणार, हे धरून चाला.

लावायची वेळ सप्टेंबर आणि ऑक्टोबर. नोव्हेंबरमध्येही चालतं, पण लवकर फुलणाऱ्यांना जितकं आधी लावाल तितकं बरं, कारण मुळं शरदातच सुटतात. कंद घरी आणून गॅरेजात तीन महिने पडू देऊ नका. कागदी पिशवीत, हवेशीर, आणि पंधरवड्याच्या आत मातीत.

चिकणमातीत एकेक खड्डा खणून त्यात कंद टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तो खड्डा पाण्याचा पेला होतो आणि कंद आत कुजतो. त्याऐवजी असं करा.

सगळा वाफा २५ ते ३० सेंमी खोल फोडून घ्या. चौरस मीटरला निदान एक मोठी बादली, म्हणजे १० ते १५ लिटर धुतलेली बागेची खडी पसरून वरच्या १५ सेंमीत मिसळा. खडी ४ ते ६ मिमीची, टोकदार. बांधकामाची बारीक वाळू नको, ती चिकणमातीत गेली की आणखी घट्ट गोळा होतो. सोबत कुजलेल्या पाल्याचं खत अर्धी बादली. ताजं शेणखत मुळीच नको, कंदाला बुरशी लागते. पाणी साचायची जागाच असेल तर वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेंमी उंच करा. चिकणमातीवर यासारखा दुसरा उपाय नाही.

मग कंद ८ ते १० सेंमी खोल, एकमेकांपासून ७ ते १० सेंमीवर. हलक्या रेताड मातीत १२ सेंमीपर्यंत चालतं. चपटी, थोडी खळगी असलेली बाजू खाली, जिथे कोंब टोकदार दिसतो ती वर. एखादा उलटा गेला तरी बिघडत नाही, कोंब वळसा घेऊन वर येतोच. शिवाय क्रोकसला आकुंचन पावणारी जाड मुळं असतात, ती कंदाला स्वतःच योग्य खोलीवर ओढून घेतात. एका ठिकाणी निदान २० ते २५ कंद एकत्र लावा. पाचपाचचे पुंजके फेब्रुवारीच्या मातीत हरवून जातात.

लावल्यावर एकदा पाणी, मग निसर्गाचा पाऊस पुरे. आणि ही चिकणमाती बदलायची नसेल तर क्रिसँथसच्या वाटेला जाऊ नका, टोमासिनियानस घ्या. त्याला थोडा ओलावा आणि झाडाखालची सावली दोन्ही सोसतं.

प्र. लॉनमध्ये २०० क्रोकस लावले होते. पहिल्या वर्षी बघतच राहावं असे फुलले. दुसऱ्या वर्षी निम्मे, यंदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमचे हे एप्रिल उजाडला की मॉवर (गवत कापायचं यंत्र) काढतात. त्याचा संबंध असेल का? (हौन्सलो)

उ. संबंध आहे, आणि पुरता आहे. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

क्रोकसचा कंद फक्त एका वर्षाचा असतो. फूल येऊन गेलं की तो आतून रिकामा होत जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद तयार व्हायला लागतो. जून महिन्यात एखादा उकरून पाहिलात तर खाली जुन्याची सुकलेली चकती आणि वर नवा गुबगुबीत कंद, असं स्पष्ट दिसतं. हा नवा कंद भरतो तो सगळा पानांच्या जोरावर. फुलं असताना पानं चार बोटं असतात, फुलं सरल्यावर ती खरी वाढतात, वीतभर होतात. या पाचसहा आठवड्यांत पानांनी जे अन्न साठवलं त्यावर ठरतं की पुढच्या वर्षी फूल येणार की नाही. पुढच्या वर्षीची कळी उन्हाळ्यात, सुप्त कंदाच्या आतच धरते. कंद लहान राहिला तर कळी धरतच नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॉवर फिरला की हा सगळा हिशेब मोडतो. पहिल्या वर्षीची फुलं तुमची नव्हती, ती नर्सरीवाल्याने साठवून दिलेली होती.

तेव्हा नियम एकच. पानं आपणहून पिवळी पडून आडवी होईपर्यंत पातं लावायचं नाही. टोमासिनियानसची पानं मेच्या सुरुवातीला किंवा मध्यावर जातात, डच क्रोकसची मेअखेर किंवा जूनपर्यंत रेंगाळतात. लॉनमध्ये लवकर फुलणारी जात लावण्याचा हा मोठा फायदा, लॉन लवकर मोकळं होतं. गवत आणि क्रोकसचं पान ओळखायला सोपं आहे: क्रोकसच्या पानाच्या मधोमध पांढरी रेघ असते. पानांच्या गाठी मारणं, वेण्या घालणं, रबर लावणं हेही नको. ऊन लागणारा भाग त्याने कमी होतो.

अंगण ओसाड दिसतं अशी यजमानांची तक्रार असेल तर तडजोड अशी: क्रोकस सगळ्या लॉनभर न लावता एका कडेला किंवा झाडाखाली वेड्यावाकड्या आकारात लावायचे आणि फक्त तेवढा भाग सोडून बाकीचं कापायचं. मधला कापलेला रस्ता नीट असला की राहिलेलं गवत मुद्दाम सोडलंय असं वाटतं.

अजून दोन गोष्टी. लॉनचं 'वीड अँड फीड' (तणनाशक मिसळलेलं) खत त्या भागात मार्च-एप्रिलमध्ये घालू नका. नत्राने गवत फोफावतं आणि क्रोकसला दाबतं, वर तणनाशक पानांना बाधतं. त्याऐवजी फेब्रुवारीत सल्फेट ऑफ पोटॅश, चौरस मीटरला साधारण २० ग्रॅम, ओल्या जमिनीवर शिंपडा. आणि शेवटची कापणी शरदात जरा उशिरा, पण कोंबांची टोकं दिसायच्या आत आणि आखूड करा. लांब गवतात टोमासिनियानसची फुलं बुडून जातात.

यंदा सांभाळलंत तरी पुढच्या वर्षी लगेच २०० येणार नाहीत. लहान झालेले कंद भरायला दोन हंगाम लागतात. थांबवत नसेल तर येत्या ऑक्टोबरात ५० नवे कंद मध्ये घाला.

प्र. खारी! लावलेल्या दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे खड्डे उकरलेले. लाल तिखट टाकलं, तरी तेच. (एडिसन, न्यू जर्सी)

उ. तिखट पहिल्या पावसापर्यंत काम करतं, मग वाहून जातं. शिवाय वाऱ्याने ते तुमच्याच डोळ्यांत जाण्याची शक्यता जास्त.

खारीला कंदाचा वास लागतोच, पण त्याहून जास्त तिला ताजी उकरलेली माती दिसते. म्हणून लावताना गळलेली तपकिरी सालं, वेष्टनाचे तुकडे वेचून कचऱ्यात टाका, जागेवर ठेवू नका. माती पायाने घट्ट दाबा, वर पाणी घाला, पाचोळ्याचा थर पसरा. बोनमील (हाडांचा चुरा) घालू नका. त्याच्या वासाने कुत्री, कोल्हे, रॅकून सगळे उकरायला येतात आणि क्रोकसला त्याची गरजही नसते.

खात्रीचा उपाय जाळीचा. कंद लावून झाले की त्यावर २ ते ३ सेंमी माती, मग कोंबड्यांची १ इंच भोकाची जाळी अंथरा, कडा १५ सेंमी बाहेर येऊ द्या आणि खाली मुडपा, मग उरलेली माती. कोंब भोकांतून सहज वर येतात. उंदीर आणि व्होल (उंदरासारखाच छोटा प्राणी) यांचा त्रास असेल तर १ इंच पुरत नाही. त्यांच्यासाठी अर्ध्या इंचाची हार्डवेअर क्लॉथ (कडक तारेची बारीक जाळी) लागते, तीही खालून आणि बाजूने, डब्यासारखी. छोट्या पुंजक्यांसाठी हे जमतं, मोठ्या वाफ्याला खर्च परवडत नाही.

जात निवडतानाही थोडं शहाणपण करता येतं. टोमासिनियानसकडे खारी सहसा फिरकत नाहीत असा अमेरिकेतल्या बागवानांचा बराच अनुभव आहे. पूर्ण हमी मात्र नाही. क्रोकसच्या मध्ये डॅफोडिल आणि स्नोड्रॉपचे कंद लावा, ते विषारी असल्याने खारी त्यांना सोडतात. तुमच्याकडे ससे आणि हरणंही येत असतील तर ती पानं खुडतात. पानं गेल्यावर काय होतं ते वर हौन्सलोच्या उत्तरात आलंच आहे.

प्र. चिमण्या फक्त पिवळी फुलंच फाडतात. जांभळ्यांना हात, म्हणजे चोच, लावत नाहीत. (बर्मिंगहॅम)

उ. बऱ्याच बागांत हेच दिसतं. जुन्या पुस्तकांत फुलांवर काळा दोरा ताणायला सांगतात. तसं करू नका, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. छाटणीच्या बारीक काटेरी फांद्या फुलांभोवती खोचा, दहाबारा दिवस पुरे. दरवर्षीचाच ताप असेल तर पिवळे मागच्या दारी आणि जांभळे पुढे.

प्र. कळ्या येतात, पण दिवसदिवस उघडत नाहीत. उघडल्याच तर दुसऱ्या दिवशी आडव्या पडतात. रोग असेल का? (एडिनबरा)

उ. रोग नाही. क्रोकसचं फूल तापमानावर उघडतं आणि मिटतं. ऊन लागून हवा थोडी जरी गरम झाली की पाकळीच्या आतल्या बाजूच्या पेशी बाहेरच्यांपेक्षा जास्त वाढतात आणि पाकळी बाहेर वळते. गार झालं की उलट. एक कळी मिटलेल्या अवस्थेत खुडून घरात उबेत आणा, काही मिनिटांत डोळ्यांदेखत उघडेल. म्हणजे तुमच्याकडे कमी आहे ते ऊन. भिंतीचा दक्षिणेकडचा पायथा, उताराची दक्षिण बाजू, पानगळीच्या झाडाखाली जिथे फेब्रुवारीत ऊन जमिनीपर्यंत येतं अशी जागा निवडा. घराच्या उत्तरेला लावलेले क्रोकस उमलण्याची वाट बघत बघतच सुकतात.

आडवं पडण्याचं कारण फुलाच्या रचनेत आहे. आपण ज्याला देठ समजतो तो देठच नाही. ती पाकळ्यांची लांब पोकळ नळी आहे. फूल उभं चिरून पाहा: नळी सरळ मातीत जाते आणि बीजकोश तिथे, जमिनीखाली असतो. बी पिकल्यावर, मेच्या सुमाराला, त्याची बोंडं जमिनीच्या वर येतात. तर अशा नळीवर तोललेलं फूल जोराच्या पावसाने किंवा वाऱ्याने कलंडतं. मोठ्या फुलांचे डच वाण आधी पडतात, लहान फुलांच्या जाती वाऱ्यात बऱ्या टिकतात. एडिनबराच्या वाऱ्याला लहान फूलच बरं. खुरट्या झुडपाचा, हेदरचा आडोसा द्या.

प्र. आमच्या क्रोकसमध्ये सुंदर नारिंगी केसर असतं. ते वाळवून श्रीखंडात घालता येईल का? (मिल्टन कीन्स)

उ. नाही. केशर मिळतं ते क्रोकस सॅटायव्हस या एकाच जातीपासून आणि ती फुलते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. वसंतातल्या क्रोकसचे ते नारिंगी तंतू आखूड असतात आणि त्यांना केशराचा वास-स्वाद नसतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे शरदात फुलणारं कोल्चिकम. त्याला इंग्लंडमध्ये सर्रास 'ऑटम क्रोकस' म्हणतात, दिसतंही तसंच, पण ते जातीने क्रोकस नाही आणि जहाल विषारी आहे. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. आयुर्वेदाच्या दुकानात कडवा सुरंजान म्हणून जे मिळतं ते त्याच्याच हिमालयातल्या भावंडाचं. ओळखायची खूण: क्रोकसच्या फुलात पुंकेसर तीन, कोल्चिकममध्ये सहा. फूल उघडून मोजा. सहा दिसले तर त्या फुलातलं काहीही स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

केशरच हवं असेल तर सॅटायव्हसचे कंद ऑगस्टमध्ये मागवा, १० ते १५ सेंमी खोल, भर उन्हाच्या आणि उन्हाळ्यात कोरड्या राहणाऱ्या जागी लावा. एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन गावाला नाव पडलं ते सोळाव्या शतकात तिथे याची शेती व्हायची म्हणून, तेव्हा इंग्लंडची हवा अगदीच परकी नाही. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. एका फुलात तीनच तंतू, आणि ग्रॅमभर वाळलेल्या केशराला साधारण १५० फुलं लागतात. २५ कंदांतून पहिल्या वर्षी मिळेल ते श्रीखंडाच्या एका पातेल्यापुरतं.

प्र. मुलीने लंडनहून क्रोकसचे फोटो पाठवले. पुण्यात गच्चीवर होतील का? आता पुण्यात लोक खोलीत केशर पिकवतात म्हणे, मग हे का नाही? दिवाळीत ती येताना कंद आणते म्हणते. (कोथरूड, पुणे)

उ. शेवटच्या वाक्यापासून सुरू करू. कंद सामानातून आणू देऊ नका. भारतात लागवडीचं साहित्य आणायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर जप्त होईल ते वेगळं, पण मातीसोबत येणाऱ्या रोगांचा विचार केला तर हा नियम योग्यच आहे. कंद हवे तर भारतातल्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या.

केशराची गोष्ट वेगळी आहे. सॅटायव्हसची कळी धरते ती उन्हाळ्यात, २३ ते २७ अंशांत, आणि फूल बाहेर यायला १७ अंशांच्या आसपास गारवा लागतो. बर्फाळ हिवाळ्याची त्याला फुलण्यासाठी गरज नाही. म्हणून काश्मीरहून आणलेले मोठे कंद बंद, वातानुकूलित खोलीत ट्रेमध्ये ठेवले की मातीवाचूनही फुलतात. वसंती क्रोकसचं तसं नाही. त्याला मुळं सुटल्यावर तीन महिने सलग थंडी हवी. पुण्याची डिसेंबरची एखादी ८ अंशांची पहाट त्याला पुरत नाही, कारण त्याच दिवशी दुपारी पारा २९ वर असतो.

हौस म्हणून एकदा करायचंच असेल तर फ्रिजमध्ये करा. सप्टेंबरअखेर १५ सेंमीची कुंडी घ्या, तळाला भोकं. तीन भाग माती-कंपोस्ट, एक भाग जाड रेती. १० ते १२ कंद जवळजवळ, पण एकमेकांना न चिकटवता, टोकावर ४-५ सेंमी माती येईल असे लावा. पाणी घालून निथळू द्या, छिद्रं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४ ते ८ अंशांत, १२ ते १५ आठवडे. त्या कप्प्यात केळी, सफरचंद, चिकू ठेवायचे नाहीत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने आतली कळी जळते. घरात हे पाळणं सगळ्यात कठीण, म्हणून जुना फ्रिज असेल तरच या फंदात पडा. माती दर तीन आठवड्यांनी तपासा, ओलसर हवी, ओली नको. जानेवारीत कोंब ४-५ सेंमी झाले की घरातल्या सगळ्यात गार, उजेडाच्या जागी आणा. कळीला रंग दिसेपर्यंत गच्चीच्या दुपारच्या उन्हात ठेवू नका, कळी आतच वाळते. फुलं तीनचार दिवस टिकतील. नंतर पानं फेब्रुवारीच्या उन्हात लवकर करपतील, नवा कंद भरणार नाही आणि पुढच्या वर्षासाठी काही उरणार नाही.

एवढ्या खटाटोपाऐवजी आमचा सल्ला भुईचाफ्याचा. पानांचा पत्ता नसताना उन्हाळ्यात थेट जमिनीतून पांढरी-जांभळी फुलं वर येतात. सुवासिक आहेत, कंद कुठल्याही चांगल्या रोपवाटिकेत मिळतो, आणि हिवाळ्यात पाणी तोडलं की दरवर्षी पुन्हा येतो. क्रोकसच्या आकाराचंच फूल हवं असेल तर पावसाळी लिली. पहिल्या जोराच्या सरीनंतर चारपाच दिवसांत कुंडी भरून फुलते.

प्र. बाल्कनीतल्या कुंडीतले क्रोकस दोनदा हिवाळ्यात मेले. पॅकेटवर तर कडाक्याच्या थंडीतही टिकतात असं लिहिलंय. (टोरांटो)

उ. जमिनीत टिकतात, कुंडीत नाही. जमिनीत १० सेंमी खाली तापमान हळू बदलतं, वर बर्फाचं पांघरूण असतं. बाल्कनीतल्या कुंडीला चारी बाजूंनी वारा लागतो. माती दगडासारखी गोठते, दुपारी सुटते, रात्री पुन्हा गोठते. या गोठण्या-वितळण्यात मुळं तुटतात आणि तळाशी साचलेल्या पाण्यात कंद कुजतो.

ऑक्टोबरात लावा, पाणी घाला आणि पहिल्या कडक गोठणीआधी कुंडी न तापवलेल्या गॅरेजात किंवा इमारतीच्या थंड तळघरात, ० ते ५ अंशांत हलवा. कुंडीला खालून विटांचे तुकडे लावून उचला. महिन्यातून एकदा अर्धा कप पाणी. मार्चमध्ये कोंब वर आले की बाहेर. तशी जागा नसेल तर सगळी कुंडी एका मोठ्या टबात ठेवून भोवती १५ सेंमी पाचोळा किंवा थर्माकोलचे तुकडे भरा आणि घराच्या भिंतीला टेकवा. हमी नाही, पण निम्मे वाचतात. फुलून गेल्यावर कुंडीतले कंद पुन्हा कुंडीत ठेवू नका, कुणाच्या तरी जमिनीत द्या.

प्र. एका पुंजक्यातल्या जांभळ्या फुलांवर यंदा पांढरे ओरखडे आले आहेत. नवा वाण तयार झाला असावा का? (स्लाव)

उ. बहुधा विषाणू. 'पिकविक'सारख्या वाणांवरच्या रेघा पाकळीच्या तळापासून टोकाकडे सुबक जातात, प्रत्येक फुलावर सारख्या. विषाणूचे ओरखडे तुटक, एका पाकळीवर असतात दुसरीवर नाहीत, पाकळी मुरडते आणि पानावर फिकट पट्टे येतात. औषध नाही. मावा तो पुढच्या झाडाकडे नेतो, म्हणून तो पुंजका भोवतीच्या मातीसकट काढा आणि घरच्या कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. खुरपं गरम साबणाच्या पाण्याने धुवा. त्या जागी तीनचार वर्षं क्रोकस नको.

निरोगी पुंजके मात्र दाटले की फुलं कमी देतात. चारेक वर्षांनी, पानं पिवळी पडत असताना पण अजून दिसत असताना, काट्याने उकरा. कंद सुटे करा, नखाएवढे छोटे कंद वेगळ्या ओळीत ५ सेंमी खोल लावा. दोनतीन वर्षांत तेही फुलतात. पानं पूर्ण गेल्यावर उकरायला गेलात तर अर्धे कंद सापडणार नाहीत आणि उरलेल्यांत फावडं घुसेल.

प्र. मेलबर्नमध्ये कधी लावावेत? इकडच्या लेखांत महिने सगळे उलटे. (मेलबर्न)

उ. मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत लावा, लवकर फुलणारे जुलै-ऑगस्टमध्ये येतील. मेलबर्नची थंडी सौम्य, म्हणून कंद लावायच्या आधी कागदी पिशवीत चारेक आठवडे फ्रिजमध्ये ठेवले तर फुलं जास्त सारखी येतात. तुमच्याकडे खरी अडचण उन्हाळ्यातल्या ठिबक सिंचनाची. डिसेंबर ते फेब्रुवारी कंद कोरडे झोपलेले हवेत, आणि शेजारच्या टोमॅटोसाठी सोडलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं की ते कुजतात. क्रोकसची जागा पाइपलाइनपासून निदान मीटरभर दूर ठेवा.